खाऱ्यात पडलेलं गोड्यात

सेकंडहँड कॅमेरा घ्यायला निघालेल्या माणसाला ते आधी हात पुढे करायला सांगत. तळहात वर. मग त्यावरून स्वतःचा अंगठा फिरवत आणि निकाल देत. "ओला हात आहे तुझा. वर्षभरात मुलामा खाऊन टाकशील. झिजलेली बॉडीच घे, म्हणजे वाईट वाटणार नाही." किंवा, "कोरडा आहे. तुला काहीही चालेल." घामातल्या मिठाने कॅमेऱ्याचा मुलामा जातो, हे खरं आहे. पण स्थळं जुळवणाऱ्या मध्यस्थाच्या गांभीर्याने कोणी फोटोग्राफरांचे तळहात तपासत बसल्याचं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

ठाण्यात तलावपाळीच्या मागच्या गल्लीत आमच्या दैनिकाची कचेरी होती. ते तिथले मुख्य छायाचित्रकार. घर ठाण्याच्याच कोळीवाड्यात. वडील होडीवर गेलेले, थोरला भाऊ होडीवर. हे मात्र विज्ञानाचे पदवीधर. काही वर्षं त्यांनी शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं आणि मग सोडलं. मुलांना कंटाळलो नाही, घंटेला कंटाळलो, असं ते सांगत. सगळी कचेरी त्यांना नाखवा म्हणायची. होडीच्या मालकाला कोळी लोक म्हणतात, ते नाव. हे पाठीमागे ठेवलेलं नाव नव्हतं. संपादकही त्यांना तोंडावर नाखवाच म्हणत, आणि 'सर' म्हणून हाक मारली तर ते वळून बघत नसत.

कॅमेऱ्याला ते कॅमेरा म्हणत नसत. भिंग वेगळं, बॉडी वेगळी; भिंगाचं काय, ते बदलता येतं, संसार बॉडीशी करायचा असतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे जुनी बॉडी कुठे विकायला निघाली की ते फोन ठेवून मोठ्याने जाहीर करत, "कल्याणला एक बॉडी आहे. बघायला जायचंय." नवीन आलेला गुन्हे वार्ताहर एकदा हे ऐकून वही घेऊन जिन्यापर्यंत धावला होता. त्याला परत बोलावताना नाखव्यांना अजिबात हसू आलं नाही. "थांब. जिवंत आहे," ते म्हणाले.

ठाण्यापासून शहाडपर्यंतचे लग्नाचे फोटोग्राफर, स्टुडिओवाले, हौशी डॉक्टर, सगळे त्यांच्याकडे सल्ल्याला येत. त्या काळात नवी चांगली बॉडी घेणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होतं. जुन्या बाजारात दोन जाती मिळत. एक 'प्रो': वजनदार, आतून पितळेची, बॅटरी संपली तरी शटर पडणारी, आणि बहुधा कोणीतरी कामावर पिळून काढलेली. दुसरी 'सेमी-प्रो': हलकी, बॅटरीवर चालणारी, प्रकाशाचा हिशेब स्वतः करणारी, आणि बहुधा कोणीतरी कपाटात जपून ठेवलेली. एकाच रकमेत पहिली दमलेली मिळे आणि दुसरी जवळजवळ नवी. पेच तो होता.

नाखवे बॉडी हातात घेत तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "कोणाची?" किती वर्षं जुनी, कुठल्या देशातली, हे नंतर. मग ते तिचा वास घेत. बुरशीचा, कापराचा, अत्तराचा. अत्तराचा आला तर लग्नवाला. पाठ उघडून फिल्म जिच्यावरून सरकते ती पट्टी बोटाने चाचपत. कोपऱ्यांवरचा काळा रंग जाऊन पितळ कुठे दिसतंय ते बघत: खाली असेल तर टेबलावर ठेवणारा, कडेला असेल तर खांद्याला लावून फिरणारा. शेवटी शटर एका सेकंदावर लावून डोळे मिटत आणि ऐकत. या वेळी खोलीत कोणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून.

त्यांची काही मतं निव्वळ चुकीची होती. ज्या घरात नवरा-बायको भांडतात त्या घरात भिंगाला बुरशी लवकर धरते, असं ते ठामपणे सांगत. कारण विचारलं तर म्हणत, "भांडण बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून खिडक्या लावतात. दमट हवा आत राहते." बँकवाल्याचा कॅमेरा घेऊ नये, तो वापरतच नाही, शटर आळशी होतं, हे दुसरं. या दुसऱ्यात थोडं तथ्य असावं.

त्यांची स्वतःची बॉडी अॅल्युमिनियमच्या जेवणाच्या डब्यात असे. खालच्या मोठ्या पुडात तांदूळ, त्यात कापडात गुंडाळलेली बॉडी. खाडीकाठची हवा ओली. तांदूळ ओल शोषतात. काही आठवड्यांनी तांदूळ बदलायचे. जुने तांदूळ टाकून देत नसत, घरी शिजवत. त्यांच्या पत्नीने मला एकदा सांगितलं, "तो भात यांनाच वाढते मी. आमाला नको. त्याला क्यामेऱ्याचा वास येतो."

दसऱ्याला सगळ्या कचेऱ्यांत हत्यारांची पूजा होते. आमच्याकडे टाइपरायटर, कात्र्या, छपाईयंत्र यांना झेंडूची फुलं वाहिली जात. नाखवे कॅमेरे देत नसत. ते नारळी पौर्णिमेला, श्रावणात, कोळीवाड्यात होड्यांची पूजा आटोपून कचेरीत येत आणि सगळ्या बॉड्या एका टेबलावर मांडून त्यांना हळद-कुंकू लावत. संपादकांनी एकदा विचारलं, "नाखवा, तुमचं वेगळं का? दसऱ्याला हत्यारं पुजतात की."

"हे हत्यार नाही साहेब," ते म्हणाले. "ही होडी आहे. पोट भरते. लक्ष नाही दिलं तर बुडवते."

फोटोवर त्यांचा अभिप्राय एकच असे. छापायला द्यायच्या प्रिंटच्या मागे ते निळ्या पेन्सिलीने 'चालेल' असं लिहीत. जे चालणार नाही त्यावर काही लिहीत नसत. 'छान' हा शब्द त्यांनी कोणत्या प्रिंटमागे लिहिलेला मला सापडला नाही. मी शोधला होता.

दुसऱ्याच्या बॉडीने ते कधीही फोटो काढत नसत. तपासत, ऐकत, दुरुस्तीला नेत. पण फिल्म भरून डोळ्याला लावली ती फक्त स्वतःची. हा नियम पुढे येणार आहे.

मी त्यांच्याकडे आले ती ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा. डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला आमचं घर. मी डोंबिवली-कल्याणच्या बातम्या देत असे आणि बातमीबरोबर फोटोही, मेहुण्यांकडून मागून आणलेल्या साध्या कॅमेऱ्याने. बातमीदार म्हणून माझं मानधन तुटपुंजं आणि कच्चं. त्या वर्षी पावसाळा संपता संपता संपादकांनी सांगितलं की कल्याण-डोंबिवलीसाठी एक छायाचित्रकार कायम करायचा आहे. माझ्याखेरीज कल्याणचा एक तरुण त्या जागेसाठी होता. अट अशी की कॅमेरा ज्याचा त्याचा हवा आणि कामाचा हवा. दिवाळीच्या आत दाखवायचा. घरी वेगळी मुदत चालू होती. बदलापूरच्या एका शाळेत कारकुनाच्या जागेसाठी मामांनी शब्द टाकून ठेवला होता. दिवाळीपर्यंत वर्तमानपत्रात कायम झाले नाही तर तिथे जायचं, हे वडिलांनी ठरवलं होतं आणि मी कबूल केलं होतं. मला फोटो काढायचे होते. हे मी घरी बोलून दाखवलेलं नव्हतं.

नाखव्यांनी माझे हात बघितले. "कोरडा," ते म्हणाले आणि दोन बॉड्या शोधून काढल्या. एक सेमी-प्रो, डोंबिवलीत. एक प्रो, विठ्ठलवाडीला. किंमत जवळपास सारखी. घेता येणार होती एकच.

डोंबिवलीचे गृहस्थ बँकेत अधिकारी होते. त्यांनी मखमली पिशवीतून बॉडी काढली, मूळ खोका दाखवला, माहितीपुस्तिका दाखवली, आणि त्यांच्या पत्नीने पोहे दिले. कॅमेरा महाबळेश्वरला दोनदा आणि मुलीच्या बारशाला एकदा वापरला होता. नाखव्यांनी वास घेतला, पाठ चाचपली, डोळे मिटून ऐकलं. अधिकाऱ्यांनीही नकळत डोळे मिटले. रस्त्यावर आल्यावर मी विचारलं, "कसा आहे?"

"चांगला आहे."

"शटर आळशी?"

"नाही. बँकवाल्याचा असून नाही. माझं चुकलं."

"मग घेऊ?"

"चांगला आहे म्हटलं. घे म्हटलं नाही." थोडं चालून गेल्यावर ते म्हणाले, "याला अजून कोणी पाडलेलं नाही, भिजवलेलं नाही. पहिल्यांदा पाडणारी तू असशील. पडल्यावर हा काय करेल, ते त्यालाही माहीत नाही."

विठ्ठलवाडीला ज्यांच्याकडे गेलो ते जुने फोटोग्राफर. लग्नं, कामगार सभा, गिरणीचे समारंभ, सगळं केलेले. आता उजवा हात थरथरत होता, म्हणून विकत होते. बॉडी त्यांनी खुंटीवरून काढली. सगळ्या कोपऱ्यांवर पितळ उघडं पडलेलं, माथ्यावर एक पोचा. हातात घेतल्यावर पाट्याचा वरवंटा उचलल्यासारखं वाटलं.

नाखव्यांनी 'कोणाची' विचारलं नाही, ते दिसत होतं. त्यांनी विचारलं, "कधी कधी पडलाय?"

म्हाताऱ्यांनी सांगायला सुरुवात केली. अंबरनाथला मंडपाच्या शिडीवरून. एकदा घोड्यावरच्या नवरदेवाची लाथ लागून, म्हणजे घोड्याची. एकदा सभेत खुर्ची फेकली गेली ती थेट यावर. ते अभिमानाने सांगत होते. नाखवे मान डोलावत होते. आतून पत्नी म्हणाल्या, "घेऊन जा हो एकदाचा. माझी सवत आहे ती. गादीवर तिची जागा आधी, माझी नंतर."

नाखव्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग पुन्हा ऐकलं. "प्रकाश मोजायचा काटा अडखळतोय," ते म्हणाले. "बाकी ठीक. आठ दिवस वापरून बघायला द्या."

"आणि परत आला नाहीत तर?" म्हाताऱ्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता.

नाखव्यांनी खांद्याची पिशवी उतरवली, तीतून डबा काढला, तांदळातून स्वतःची बॉडी बाहेर काढली आणि म्हाताऱ्यांच्या मांडीवर ठेवली. "ही ठेवा."

म्हाताऱ्यांनी ती थरथरत्या हाताने वळवून पाहिली. पत्नी म्हणाल्या, "अगं बाई! आता दोन दोन सवती!"

कचेरीत मतं पडली. गुन्हे वार्ताहर म्हणाला, "ताई, ऐका माझं, तो डोंबिवलीचा घ्या. हा दगड गळ्यात बांधून तुमची मान जाईल. लेडीजला हलकाच बरा." हे त्याने खरोखरच काळजीने सांगितलं. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. नाखवे फोटोंखालच्या ओळी लिहीत बसले होते. आता त्यांना दुसरं काम नव्हतं. स्वतःची बॉडी नाही म्हणजे बाहेर जायचं नाही.

"माझी आई," ते मान वर न करता म्हणाले, "मासळीची पाटी डोक्यावर घेऊन रोज बाजारात चालत जायची. पाटीतलं पाणी तिच्या पाठीवर गळायचं. तिला कोणी विचारलं नाही, की बाई, हलकी मासळी घेतेस का?"

हशा झाला. मग त्यांनी मला विचारलं, "बाय, तुला जड होतो का?"

"होतो."

"पेलतो?"

"पेलतो."

"मग झालं. तुमचं काय मध्ये?" हे इतरांना.

नवरात्र चालू होतं. कल्याणला दुर्गाडी किल्ल्यावर जत्रेची गर्दी. मी तिथले फोटो काढून उतरत होते, तेव्हा खाली खाडीकडे लोक धावताना दिसले. रेती भरलेली एक होडी काठापासून थोड्या अंतरावर पाणी घेऊन कलली होती. आत पाच-सहा कामगार; ते होडीवरच राहणारे, होडीवरच रांधणारे. दुसऱ्या होड्या त्यांच्याकडे निघाल्या होत्या. एका होडीवाल्याने मला घेतलं. पुढे जे दिसलं त्यात कोणी मेलं नाही, म्हणून ती मोठी बातमी झाली नाही. एक माणूस गळाभर पाण्यात उभा होता आणि त्याने भाताचा टोप दोन्ही हातांनी डोक्यावर धरला होता. लोक त्याला हात देत होते. त्याने हात दिला नाही. आधी टोप दिला. भात कोरडा होता. मी ते सगळं घेतलं.

परत काठाला उतरताना माझा पाय चिखलात गेला. कॅमेरा मी दोन्ही हातांनी डोक्यावर धरला होता, त्यामुळे आधाराला हात मोकळा नव्हता. मी पडले आणि बॉडी माझ्याबरोबर खाडीत गेली. भरतीचं पाणी होतं, म्हणजे खारं. बाहेर काढली तेव्हा फटींतून पाणी गळत होतं.

ती बॉडी माझी नव्हती. आणि तिच्या बदल्यात विठ्ठलवाडीला ठेवलेलीही माझी नव्हती.

काठावरच्या लोकांनी सल्ले द्यायला सुरुवात केली. उन्हात ठेवा. पाठ उघडून फुंका. चुलीजवळ धरा. मी रस्त्यावरच्या एका दुकानातून कचेरीत फोन लावला. नाखव्यांनीच उचलला.

"सर, बॉडी खाडीत पडली."

'सर' म्हटल्यावर त्यांनी ओ दिली ती पहिल्यांदाच. "फिल्म आत आहे?"

"आहे."

"पाठ उघडली?"

"नाही."

"बादली शोध. गोड्या पाण्याने भर. बॉडी आत टाक."

"काय?"

"बुडव."

"अहो, ती आधीच..."

"बुडव म्हणतो ना! खाऱ्यात पडलेलं गोड्यात ठेवायचं. सुकलं की मीठ धरलं. मीठ धरलं की गेली. पूर्ण बुडव, वर दिसता कामा नये. मी येतो."

शेजारच्या चहावाल्याने बादली दिली. मी नळाचं पाणी भरून बॉडी त्यात सोडली. ती बुडबुडे सोडत तळाला गेली. भोवती माणसं जमली. "ताई, कॅमेरा धुताय?" चहावाल्याने विचारलं. बंदोबस्ताचा हवालदार जवळ येऊन बादलीत डोकावला आणि शांतपणे म्हणाला, "खाडीत जीव गेला नाही, म्हणून आता बादलीत ढकललाय." मी चिखलाने माखलेल्या सलवारीत त्या बादलीपाशी बसून राहिले. पाणी बदलावंसं वाटलं तेव्हा बदललं. दिवाळी, बदलापूरची शाळा, मामांचा शब्द, हे सगळं त्या बादलीच्या तळाशी दिसत होतं; पण त्या वेळी मला सगळ्यात जास्त भीती डब्यातल्या तांदळाची वाटत होती. त्यात आता काही ठेवलेलं नव्हतं.

नाखवे एका ओळखीच्याच्या स्कूटरवर मागे बसून आले. हातात डबा.  पँट वर दुमडून उकिडवे बसले, हात कोपरापर्यंत पाण्यात घालून बॉडी बाहेर काढली, वास घेतला, आणि डब्यात गोडं पाणी भरून, तिला त्यात ठेवून झाकण लावलं. तोच डबा. तांदूळ ते घरी काढून आले होते. मग आम्ही दोघं एस.टी.ने ठाण्याला आलो. डबा त्यांच्या मांडीवर. शेजारच्या बाईंनी विचारलं, "कालवण आहे का हो? सांडतंय." ते म्हणाले, "रस्सा पातळ झालाय."

फिल्म त्यांनी ओलीच काढली आणि लगेच धुतली. कडांना मिठाचे डाग आले, मधली माणसं वाचली. बॉडी आमच्या नेहमीच्या दुरुस्तीवाल्याने भाग भाग सुटे करून धुऊन सुकवली. सगळं पितळ आणि पोलाद. ते परत चालू लागलं. प्रकाश मोजणारा काटा मात्र कायमचा गेला. मला वाटलं नाखवे म्हणतील, बरं झालं, आता डोळ्याने मोजायला शिकशील. तसं ते म्हणाले नाहीत. म्हणाले, "काटा गेला. वाईट झालं." मग त्यांनी मला डोळ्याने मोजायला शिकवलं, कारण आता दुसरा इलाज नव्हता.

टोपवाला फोटो पहिल्या पानावर खाली छापून आला. प्रिंटच्या मागे 'चालेल' होतं. संपादकांनी मला आत बोलावलं. नाखवे न बोलावता आले. संपादक म्हणाले, "ताई, फोटो चांगला आहे. पण कॅमेरा बुडवलात. उद्या आम्ही ही जबाबदारी तुमच्यावर टाकायची म्हणजे..."

"बुडवला आणि वर काढला," नाखवे म्हणाले. "पहिलं कोणीही करतं साहेब."

संपादकांनी त्यांच्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, आणि दुसऱ्या पानाचं प्रूफ मागवलं. दिवाळीच्या आधी मला कायम केल्याचं पत्र मिळालं. मामांना शब्द परत घ्यावा लागला. ते काही महिने माझ्याशी बोलले नाहीत.

बॉडीचा सौदा पक्का करायला आम्ही विठ्ठलवाडीला गेलो तेव्हा मी जे झालं ते म्हाताऱ्यांना सांगितलं.  आतून पत्नींचा आवाज आला, "म्हणजे परत पडला पाण्यात?"

"परत?" नाखवे म्हणाले.

"टिटवाळ्याला नाही का पडला होता? जानवसघराच्या विहिरीत. यांनी गळ टाकून काढला आणि दोन दिवस गच्चीत उन्हात ठेवला."

नाखव्यांना मी रागावलेलं पाहिलं ते त्या एकाच वेळी. "सगळं सांगितलंत! शिडी, घोडा, खुर्ची! आणि विहीर नाही सांगितली?"

"तुम्ही पडलाय का विचारलं होतं," म्हातारे म्हणाले. "हा बुडला होता."

 डब्यात ताजे तांदूळ होते, नाखव्यांनी स्वतःची बॉडी कापडात गुंडाळून त्यात ठेवली आणि जिना उतरताना एवढंच म्हणाले, "वासावरून कळायला हवं होतं मला." विहिरीचं पाणी गोडं असतं, त्याला वास राहत नाही, असं मी म्हणाले. ते त्यांना पटलं नाही.

नव्वदच्या दशकात आपोआप फोकस करणाऱ्या बॉड्या आल्या, मीही एक घेतली, नंतर दुसरी. विठ्ठलवाडीची बॉडी मी विकली नाही. नारळी पौर्णिमेला ती पूजेला न्यायची असे. नाखवे निवृत्त झाले आणि कचेरीतली ती पूजा बंद पडली, तेव्हा मी ती घेऊन त्यांच्या घरी जाऊ लागले.

अशाच एका वर्षी त्यांच्या बाहेरच्या खोलीत बसले असताना मी भिंत नीट पाहिली. तिथे चौकटीत घातलेले होड्यांचे फोटो होते, कृष्णधवल, सगळे त्यांनी काढलेले. घराण्यातली, भावकीतली प्रत्येक नवी होडी पाण्यात गेली तो क्षण. पताका, नारळ, गुडघाभर पाण्यात ढकलणारी माणसं. त्यांच्या भावाची होडी मात्र नव्हती. ती मला माहीत होती. तिच्यावरची मासळी मी खाल्ली होती. वर्तमानपत्रातली सवय म्हणून विचारलं, "भाऊंच्या होडीचा फोटो कुठे आहे?"

"राहिला," नाखवे म्हणाले.

"राहिला कसा?" त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "दसऱ्याला पान्यात गेली ती. सगली मानसं जमली, आनि हे हात बांधून हुबे. दीर बोलला, अरे, तुजा क्यामेरा कुठं? तर बोलले, इठ्ठलवाडीला गेलाय."

"पुरे," नाखवे म्हणाले.

"कोनी बोललं, माजा घे. तर बोलले, दुसऱ्याच्या बॉडीनं मी आपली होडी काढू?"

तो दसरा मला आठवत होता. मीठ लागलेल्या बॉडीचे भाग दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर पसरलेले होते. नाखवे उशिरा कचेरीत आले होते, कपाळाला कुंकू, हातात पेढ्यांचा पुडा. आम्ही पेढे खाल्ले. कशाचे, ते कोणी विचारलं नाही. बातमीदारांची कचेरी होती ती.

  पूजेला आणलेली बॉडी, हळद-कुंकवासकट, माझ्या पिशवीत होती, आणि एक रोल. आम्ही खाडीवर गेलो. भाऊंची होडी पताका लावून उभी होती, रंग त्या वर्षीचा, फळ्या जुन्या, एका बाजूला ठिगळ. भाऊ नारळ घेऊन पुढे उभे राहिले. ढग होते. मी प्रकाश डोळ्याने मोजला.

"किती ठेवलंस?" नाखव्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी आभाळाकडे पाहिलं. "अर्धं अजून उघड."

मी भिंग तेवढं उघडलं.

प्रिंट घेऊन गेले तेव्हा ते बाहेरच्या खोलीत बसले होते. त्यांनी ती खिडकीकडे धरली, मग भिंतीवरच्या फोटोंकडे पाहिलं, मग पुन्हा प्रिंटकडे. "बाकी सगळ्या नव्या आहेत," ते म्हणाले. "ही एकच वापरलेली."

मग ती उलटी करून त्यांनी खिशातली निळी पेन्सिल काढली.